पुष्पक, डावा पंख: कामाच्या नोंदी

5 मे 2024, रविवार

कॉलेजच्या मागच्या शेडमध्ये सकाळी नऊला पोचलो. विमान भिंतीकडे तोंड करून उभं आहे, शेजारी मोडकी बाकं आणि गेल्या स्नेहसंमेलनाची कमान. एचएएल या बंगळुरूच्या विमान कंपनीचं पुष्पक. दोन माणसं शेजारी-शेजारी बसतात, पंख डोक्यावर, शेपटीखाली छोटं चाक. पंखाचा पसारा 36 फूट. लिहिताना मोठा वाटतो, पण इंजिन 90 अश्वशक्तीचं आणि विमान इतकं हलकं की शेपूट धरून एकटा माणूस मागेपुढे ढकलू शकतो. मी आज ढकलून पाहिलं. एक टायर बसलेला आहे, तरी हललं.

काम असं: डाव्या पंखाचं आणि डाव्या बाजूच्या फ्यूजलाजचं, म्हणजे विमानाच्या धडाचं, कापड फाटलंय, ते नव्याने चढवायचं. विमान उडणार नाही. एअरोनॉटिकलच्या मुलांना दाखवायला आवारात छपराखाली ठेवणार आहेत. मला विचारलं, कारण कापडाचं काम केलेला माणूस आता सहजी सापडत नाही. मी केलेलं आहे, पण 1984 नंतर सुई हातात धरलेली नाही. नंतरची सगळी नोकरी जेटवर गेली. तिथे कापड फक्त सीट कव्हरला.

पहिलं काम म्हणून चारी सिलिंडरचे वरचे स्पार्क प्लग काढून डबीत ठेवले. मुलांना नवल वाटलं. पेट्रोल नाही, बॅटरी नाही, मग भीती कसली? या विमानाला मुळात बॅटरी नव्हतीच. स्टार्टर नाही, पंखा हाताने फिरवायचा. ठिणगी मॅग्नेटोतून येते, इंजिन फिरलं की तो स्वतःच वीज बनवतो, आणि स्विच 'ऑफ' केल्यावर मॅग्नेटोला फक्त अर्थिंग मिळतं. ती अर्थिंगची वायर आत कुठे तुटलेली असली तर स्विच ऑफ असूनही इंजिन जिवंत असतं. पंख्याशी चाळा करताना बोटं गेलेला माणूस मी पाहिला आहे. प्लग डबीतच राहतील.

12 मे

लॉगबुकं मिळाली. गोदरेजच्या कपाटात, वाळवीने एक कोपरा खाल्लेली. पहिल्या पानापासून वाचली. मनात एक वेडी आशा होती, ती खोटी ठरली: हे आमच्या जुहूच्या क्लबाचं विमान नव्हे. उत्तरेकडच्या एका क्लबात होतं, जुहूला कधी आलेलंच नाही. एचएएलने पुष्पकं दीडशेच्या वर बनवली, आणि देशभरचे फ्लाइंग क्लब त्यांच्यावर चालले. तेव्हा ते आमचंच निघायची शक्यता ती किती.

मग कापड तपासलं. घरी जुना पंच टेस्टर होता, तो घेऊन गेलो होतो. पेनासारखी स्प्रिंगची दांडी असते. टोक कापडावर टेकवून दाबायचं आणि किती पौंडाला ते आत घुसतं ते बघायचं. एवढ्या हलक्या विमानाला आम्ही इंचाला 46 पौंड ही खालची मर्यादा पाळायचो. आज 15 च्या आसपासच आरपार. पापडाला बोट लावावं तसं.

टेस्टर हातात आला की मला एकच दिवस आठवतो. 1984, दिवाळीच्या आधीचा आठवडा, जुहू. मी क्लबात मेकॅनिक होतो. पगारातून पैसे वळते करून उडायचो, महिन्यातून एकदा, कधी दोनदा. लॉगबुकात 9 तास 35 मिनिटं झाली होती. आमचे इन्स्ट्रक्टर हवाई दलातून निवृत्त झालेले, मूळ पणजीकडचे. एकच गोष्ट शंभरदा सांगायचे, "पाय जागे ठेव रे." शेपटीला चाक असलेलं विमान उतरल्यावरही उडतच असतं. रडर, म्हणजे शेपटीवरचं पायाने चालवायचं सुकाणू, सोडलास की शेपूट पुढे यायला बघते आणि विमान स्वतःभोवती गरकन फिरतं. त्या शनिवारी ते उतरताना म्हणाले, "येत्या रविवारी मी खाली उभा राहीन, तू एकटा एक चक्कर मारून ये."

गुरुवारी त्याच विमानाची तपासणी लागली. पंखाच्या वरच्या बाजूला, जिथे ऊन सगळ्यात जास्त बसतं, तिथे टेस्टर मीच टेकवला. 40. दुसऱ्या जागी 38. माझ्याबरोबर कोणी नव्हतं. दहा मिनिटं पंखाखाली स्टुलावर बसून राहिलो. मग तपासणीच्या कागदावर दोन्ही आकडे लिहिले आणि सही केली. विमान जमिनीवर.

नवं कापड यायला आणि चढायला चार महिने गेले. त्यात बहिणीचं लग्न निघालं आणि साठवलेले पैसे तिकडे गेले. पुढच्या उन्हाळ्यात दुसरीकडे नोकरी लागली. लॉगबुकात आजही 9 तास 35 मिनिटंच आहेत.

मुलांना यातलं काही सांगितलं नाही. फक्त टेस्टर कसा धरायचा ते दाखवलं.

19 मे

कापड उतरवलं. आत उंदराचं घर, त्यात कोणाच्या तरी हॉल तिकिटाचा चुरा. पिटो नळीत कुंभारमाशीने माती भरून ठेवलेली. वेगाचा काटा या नळीतल्या हवेवर चालतो, म्हणजे तिने विमानाचा स्पीडोमीटरच बंद केला होता.

सांगाडा मात्र चांगला निघाला. पंखाचे दोन लांब स्पार, म्हणजे आधाराचे दांडे, स्प्रूसच्या लाकडाचे. बॅटरी तिरकी धरून बोटाबोटाने पाहिले, आडवी चीर कुठे दिसली नाही. फ्यूजलाज पोलादी नळ्यांचं. शेपटीकडच्या खालच्या नळ्या टोच्याने ठोकत गेलो. असं विमान नेहमी शेपटीवर बसलेलं असतं, म्हणून आत शिरलेलं पाणी शेवटच्या नळीत साठतं आणि गंज आतून लागतो. बाहेरून रंग शाबूत. एका जागी 'टण'ऐवजी 'थप्प' असा आवाज आला. उडायचं असतं तर ती नळी कापून नवी वेल्ड केली असती. आता गंज काढला, छोटं भोक पाडून आत कोमट जवसाचं तेल ओतलं, विमान उचलून तेल इकडून तिकडे फिरवलं आणि निथळायला ठेवलं. ही जुनी रीत आहे. तेलाचा पातळ थर आत सुकतो आणि हवा लागू देत नाही.

2 जून

कापडावरून वाद. कॉलेजच्या एका पदाधिकाऱ्यांचं म्हणणं, एवढा खटाटोप कशाला, फ्लेक्स लावा. "फ्लेक्सवाला आपल्या ओळखीचा आहे, रंगासकट छापून देईल." मी म्हटलं, दुसऱ्या बाजूला कोणाच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा असतील तर उन्हात आरपार दिसतील. ते हसले, पण विषय सुटला नाही. त्यांना 15 ऑगस्टला उद्घाटन हवं आहे.

हल्ली जगभर पॉलिएस्टर वापरतात. चिकटवायचं, इस्त्री फिरवायची, उष्णतेने ते आकसून ताणलं जातं. टिकतंही कितीतरी जास्त. पण हे विमान सुती कापडात जन्मलं, आणि मुलांना डोप, म्हणजे सुकताना कापड ताणणारं लुकण, काय असतं ते दाखवायचं असेल तर सूतच हवं.

इचलकरंजीहून मर्सराइज्ड कापडाचा तागा आणवला. विमानाच्या ए-ग्रेड कापडात इंचाला 80 ते 84 धागे असतात. भिंगाखाली पिन धरून मोजले. उभे 76, आडवे 74. नापास. एक रात्र विचार केला. उडणार नाही म्हटल्यावर हे चालेल, पण उद्या कोणाच्या डोक्यात भलतं यायला नको. म्हणून पंखाच्या आत स्पारवर पेन्सिलने मोठ्या अक्षरात लिहिलं: 'कापड प्रदर्शनापुरते. उडवायचे नाही.' खाली तारीख आणि सही.

16 जून

दोन दिवस उघडीप मिळाली. कापड चढवलं. शिवण पंखाच्या मागच्या कडेला घेतली. आधी पाण्याचा हात फिरवून सुरकुत्या काढल्या आणि सुकल्यावर डोपचा पहिला हात ब्रशने दिला. नायट्रेट डोप, पातळ केलेलं, त्यात बुरशीनाशक. सुताला बुरशी लागतेच. पहिला हात घोटून जिरवावा लागतो, धाग्याच्या आतपर्यंत. वरवर फासला तर पुढचे सगळे थर एक दिवस सालीसारखे निघून येतात.

वास! पिकलेली केळी आणि नेलपॉलिश एकत्र. चाळीस वर्षांनी नाकाला पहिल्या सेकंदाला ओळख पटली. घरी बायकोने दारातच शर्ट काढायला लावला. ती म्हणाली, लग्न झालं तेव्हा तुमच्या सगळ्या कपड्यांना हाच वास होता, मला वाटायचं हॉस्पिटलात काम करता की काय.

शेडमध्ये सगळ्यांचे मोबाइल बाहेर, वायरिंगचा मेन स्विच बंद, पंखे बंद. नायट्रेट डोप म्हणजे जवळपास बंदुकीच्या दारूचा चुलतभाऊ. एका मुलाने विचारलं, मग इतकं पेटणारं विमानाला लावतातच का? पुढचे थर म्हणून तर ब्युटिरेटचे द्यायचे, ते तेवढं चटकन पेटत नाही. मग तेच पहिल्यापासून का नाही? कारण नायट्रेट धाग्याला जास्त चांगलं धरतं. नायट्रेटवर ब्युटिरेट चालतं, उलट केलं तर बिघडतं.

30 जून

आज टाके. या सगळ्या कामातला हाच भाग मला सगळ्यात आवडतो, म्हणून जरा सविस्तर.

पंखावरून हवा जाते तेव्हा वरचं कापड वर खेचलं जातं. विमान उडतं ते मोठ्या प्रमाणात यामुळेच. पण कापड नुसतं कडेला चिकटवलेलं असेल तर ते फुग्यासारखं रिबेवरून, म्हणजे पंखाला आकार देणाऱ्या आतल्या फासळीवरून, उठेल आणि पंखाचा आकार जाईल. म्हणून प्रत्येक रिबेला कापड शिवून टाकायचं. रिबेवर आधी मजबुतीची पट्टी ठेवायची. लांब सुई वरून घालायची, पंखाच्या पोटातून खाली काढायची, रिबेच्या दुसऱ्या बाजूने परत वर आणायची आणि गाठ मारायची. सुईला एक माणूस वर, एक खाली. खालचा उताणा झोपलेला. टाक्यातलं अंतर विमानाच्या वेगावर ठरतं. पंख्याचा झोत लागतो तिथे जवळ, टोकाकडे लांब. पंख्याच्या झोतात आम्ही अडीच इंच धरलं. दोरा लिननचा, त्याला मधमाशांचं मेण लावून घेतलं. मेणाने दोरा सुईमागून सुळकन येतो आणि गाठ सुटत नाही.

गाठ मुलांना जमेना. पहिल्या रिबेचे सगळे टाके मी उसवायला लावले. ढिली गाठ बघायला नको, बोट फिरवलं की कळते. मग शेवटच्या वर्षाची एक मुलगी वर आली, नाशिककडची. तिसऱ्या टाक्याला तिचा हात बसला. दोऱ्याला ओढ देताना ती अंगठ्याने गाठ दाबून धरत होती, हे मी तिला शिकवलं नव्हतं. विचारलं तर म्हणाली, आजी वाकळ शिवते, दोरा धरायला मी बसायचे. पण लगेच असंही म्हणाली, "सर, वाकळेचा टाका चुकला तर कोणी पडत नाही."

दुपारपर्यंत ती वर आणि मी खाली. या वयात उताणं झोपून डोळ्यांत मेणाचे कण घ्यायची हौस कोणाला, पण सुई वरून येताना कुठून येणार याचा अंदाज मला अजून आहे. सात रिबा झाल्या. निघताना तिने 'काका' म्हटलं. सर सकाळीच संपले म्हणायचे.

14 जुलै

उरलेल्या रिबा पूर्ण. बोटाने टिचकी मारली की पंख डफासारखा वाजतो, पण अजून आवाज बसका आहे. डोपचे पुढचे हात बसले की चढेल.

28 जुलै

वाया गेलेला आठवडा, आणि चूक माझी.

25 तारखेला खडकवासल्यातून पाणी सोडलं, सिंहगड रोडच्या सोसायट्यांत पाणी शिरलं, आमच्या दोन मुलांच्या खोल्यांतही. ते सामान उपसत होते आणि इकडे शनिवारी पाऊस जरा थांबला म्हणून मला घाई सुटली. 15 ऑगस्ट डोक्यात. टाक्यांवर कातरकडेच्या पट्ट्या लावल्या आणि डोपचा हात दिला. अर्ध्या तासात सगळा पंख पांढुरका पडला. कोडासारखे डाग.

याला ब्लशिंग म्हणतात, आणि ते मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. जुहूला आम्ही पावसाळ्यात डोपचा डबा उघडतच नव्हतो. डोपमधलं द्रावण भराभर उडतं, उडताना कापड गार होतं, आणि हवा दमट असली की दहिवर पडावं तसं पाणी त्या ओल्या थरावर बसतं. डोप नीट धरायच्या आत फाटतं, दुधासारखं. तो थर दिसायला वाईट असतो आणि ताकदीलाही काही नसतो.

मुलांना बोलावून दाखवलं. पुस्तकात हे चित्र नसतं म्हटलं, फोटो काढून घ्या. आणि पदाधिकाऱ्यांना फोन करून सांगितलं की 15 ऑगस्ट होत नाही. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग म्हणाले, "एनॅमल पेंट मारून टाकला तर?" मी नाही म्हटलं. एनॅमल कापड ताणत नाही, नुसता वर बसतो, आणि वर्षभरात त्याला भेगा पडतात. पण खरं सांगायचं तर मी नाही म्हटलं ते भेगांमुळे नव्हे.

18 ऑगस्ट

हवा कोरडी होण्याची वाट. हात रिकामे होते म्हणून मुलांना गोष्ट सांगितली.

या विमानाचं डिझाइन बंगळुरूत विष्णु माधव घाटगे यांच्या हाताखाली झालं. कोल्हापूरकडचे. ग्योटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्याकडे डॉक्टरेट केली. पंखालगतच्या हवेच्या पातळ थराचा सिद्धांत ज्यांनी मांडला तेच प्रांटल. त्या तालमीतून आलेल्या माणसाने इथे एचटी-2 हे शिकाऊ विमान बनवलं, ते ऑगस्ट 1951 मध्ये उडालं. नंतर फ्लाइंग क्लबांसाठी पुष्पक, पहिलं उड्डाण 28 सप्टेंबर 1958. पुष्पकचा आराखडा अमेरिकेच्या एरॉन्का चीफच्या फार जवळचा आहे. काही लोक ते नाक मुरडून सांगतात. मला त्यात कमीपणा वाटत नाही. साधं, स्वस्त, गावच्या सुताराला आणि लोहाराला दुरुस्त करता येईल असं विमान हवं होतं, आणि ते मिळालं.

शेड बघायला येणारे मात्र एकच विचारतात: हे रावणाचं का? मी सांगतो, मूळ कुबेराचं, रावणाने हिसकावलेलं. त्याला क्लबाची फी नव्हती.

8 सप्टेंबर

काल गणपती बसले. मुलं गावी. शेड बंद.

22 सप्टेंबर

आज कोरडं ऊन. डागाळलेल्या भागावर थिनरचा पातळ फवारा मारून थर पुन्हा विरघळवला, बहुतेक डाग गेले. दोन जागी खरवडून काढावं लागलं. मग ब्युटिरेटचे दोन हात, मध्ये घासणी.

संध्याकाळी उशीर झाला. वास पूर्ण गेल्यावर तपासणीच्या भोकातून आत बॅटरी ठेवली आणि शेडचे दिवे घालवले. पंख आतून कंदिलासारखा पेटला. प्रत्येक रिब, प्रत्येक टाका, मधल्या तिरक्या तारा, स्पारवरची माझी पेन्सिलची ओळ उलटी, सगळं सावलीत दिसत होतं. नाशिकवाली एकदम म्हणाली, "ती दुसऱ्या रिबेवरची गाठ माझी नाही हां." खरंच ती वाकडी होती. ती माझी.

हे आजच बघायचं होतं, कारण पुढचा थर चंदेरी. डोपमध्ये अॅल्युमिनियमची भुकटी घालतात. सुताला मारतं ते ऊन, आणि ही भुकटी ऊन अडवते. तो थर पुरेसा झाला की नाही हे तपासायलाही हीच युक्ती: आत दिवा लावायचा, बाहेर उजेड दिसला तर अजून एक हात.

6 ऑक्टोबर

चंदेरीचे तीन हात. दिवा लावला, काळोख. टिचकी मारली: आता आवाज वर चढला आहे.

12 ऑक्टोबर, दसरा

काल खंडेनवमीला हत्यारं मांडली. सुई, कातरी, पंच टेस्टर, डबीतले चार प्लग. पंख्याला झेंडूची माळ. पदाधिकारी स्वतः पेढे घेऊन आले, पंखावरून हात फिरवला आणि म्हणाले, "अरे, हे कापड आहे?" मे महिन्यापासून तेच सांगतोय म्हटलं. त्यांनी टिचकी मारली. मग परत मारली. फ्लेक्सचा विषय निघाला नाही.

15 ऑक्टोबर, मंगळवार

काम नाही, तरी नोंद. 1932 साली याच तारखेला जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन पुस मॉथमधून अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. 1982 मध्ये पन्नास वर्षं झाली म्हणून ते पुन्हा उडाले, लेपर्ड मॉथ घेऊन, वयाच्या 78 व्या वर्षी. मी तेव्हा नुकता क्लबात लागलो होतो. आम्हा पोरांना गर्दी आवरायला उभं केलं होतं. गर्दी मी काय आवरणार, माझेच डोळे वर. आधी आवाज आला, शिलाई मशीनसारखा बारीक, आणि मग समुद्राच्या बाजूच्या उजेडात ठिपका. मोठ्या विमानाचा आवाज अंगावर येतो, या विमानांचा कानात येतो. चाकं टेकली तेव्हा शेजारचा म्हातारा फोरमन काही बोलला नाही, फक्त आपला डावा पाय रडरवर असल्यासारखा हलवत होता. माझाही हलत होता.

27 ऑक्टोबर

रंग झाला. पंखाची कड लाल, बाकी पिवळट पांढरा. लॉगबुकाच्या शेवटच्या नोंदीखाली एक रेघ सोडून लिहिलं: डावा पंख व फ्यूजलाजची डावी बाजू, सुती कापड, प्रदर्शनापुरते. मुलांच्याही सह्या घेतल्या.

सगळे गेल्यावर डाव्या सीटवर बसलो. गुडघा आता पॅनेलला लागतो, तेव्हा लागत नव्हता. पाय आपोआप पेडलवर गेले. मागे रडरची केबल करकरली. तेल हवं.

राहिलेलं: रडर केबलच्या कप्प्या, डाव्या दाराची कडी अडकते, बसलेला टायर. दुसऱ्या रिबेवरची वाकडी गाठ रंगाखाली गेली आहे, ती तशीच राहील.